दीडशें कीं एकशें ऐंशीं ? — मोटारसायकलच्या इंजिनाच्या निवडीचा इतिहास

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत कामरगांव आहे. वऱ्हाडांतील दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या गांवाप्रमाणें तेथेंहि कापूस, तूर किंवा सोयाबीन विकून हातीं चार पैसे आले म्हणजे घरांतील तरुण मुलगा वेगवान मोटारसायकलीचा विषय काढतो; आणि मग घरांत जो वाद सुरू होतो तो बहुधा रंगाचा किंवा रूपाचा नसून एका आकड्याचा असतो. गाडी १५० ची घ्यावी कीं १८० ची? २०० ची घ्यावी कीं थेट ३९० ची? मुलगा मोठ्या आकड्याकडे ओढतो, बाप लहान आकड्याकडे ओढतो, आणि आईचें लक्ष आकड्याकडे नसून मुलगा रात्रीं सुखरूप घरीं येतो कीं नाहीं याकडे असतें. हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो कीं तो फार जुना असावा असा भास होतो. वस्तुतः महाराष्ट्रांतील सामान्य कुटुंबापुढें तो उभा राहिल्यास जेमतेम पाव शतक झालें आहे. त्यापूर्वीं हा आकडा गिऱ्हाईकानें निवडावयाचा नसे. तो कधीं शर्यतीच्या पंचांनीं, कधीं सरकारी परवान्यानें, तर कधीं पेट्रोलच्या भावानें ठरविलेला असे. हा इतिहास पाहिला म्हणजे त्या आकड्याचें खरें मोल किती व मानलेलें मोल किती, हें कळण्यास बरीच मदत होते.

प्रथम हा आकडा कशाचा, हें पाहिलें पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या खालींवर सरकतो. या येण्याजाण्यांत तो जेवढी जागा व्यापतो तिचें माप घनसेंटिमीटरांत काढतात, आणि त्यासच बाजारांत 'सी. सी.' म्हणतात. म्हणजे हें माप जागेचें आहे. शक्तीचें नाहीं, वेगाचें तर मुळींच नाहीं. विहिरीवरील रहाटगाडग्याचा दाखला येथें घेतां येईल. गाडगें मोठें असलें कीं एका खेपेस पाणी अधिक येतें हें खरें. परंतु दिवसाकाठीं पाटांत किती पाणी पडलें तें गाडग्याच्या आकाराइतकेंच चाक किती वेळां फिरलें यावरहि अवलंबून असतें. इंजिनाचेंहि तसेंच आहे. जागा किती, दट्ट्याचे फेरे किती आणि प्रत्येक फेऱ्यांत पेट्रोल किती चांगलें जळलें, या तिहींच्या मेळानें शक्ति उत्पन्न होते. यांपैकीं पहिली गोष्ट तेवढी गाडीच्या अंगावर लिहिलेली असते.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण मोटारसायकलच्या जन्माबरोबरच सांपडतें. १८९४ सालीं म्यूनिक शहरीं हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांची जी गाडी विक्रीस आली, ती कारखान्यांत संख्येनें तयार झालेली जगांतील पहिली मोटारसायकल मानली जाते. तिच्या इंजिनाचें घनमान सुमारें १,४९० सी. सी. होतें. आज असा आकडा ऐकून कोणाहि तरुणाचे डोळे विस्फारतील. पण तिची शक्ति होती अवघी अडीच अश्वशक्ति, आणि वेग होता ताशीं सुमारें ४५ किलोमीटर. गाडगें प्रचंड होतें. चाक मात्र फार सावकाश फिरत होतें.

मग १२५, २५०, ३५० व ५०० हे ठराविक आकडे आले कोठून? ते मुख्यतः शर्यतीच्या मैदानावरून आले. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन या बेटावर १९०७ सालीं टूरिस्ट ट्रॉफीची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली, तेव्हां तिचा पहिला नियम घनमानाचा नव्हताच. तो पेट्रोलचा होता. एका नळकांड्याच्या गाडीनें गॅलनमागें ९० मैल आणि दोन नळकांड्यांच्या गाडीनें ७५ मैल जाण्याइतकें पेट्रोल मिळे, आणि तेवढ्यांतच शर्यत पुरी करावी लागे. पुढें घनमानाच्या मर्यादा आल्या. १९१२ पासून वरिष्ठ वर्ग ५०० चा व कनिष्ठ वर्ग ३५० चा झाला. १९२२ सालीं हलक्या गाड्यांची २५० ची स्वतंत्र शर्यत सुरू झाली. आणि १९४९ सालीं जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती भरूं लागल्या, तेव्हां १२५, २५०, ३५० व ५०० असे वर्ग कायम झाले. या मर्यादांचा हेतु असा कीं लहान इंजिनाची गाडी मोठ्या इंजिनाच्या गाडीशीं झुंजविली जाऊं नये, आणि एका वर्गांत जो जिंकेल तो आपल्या व कारागिराच्या कौशल्यावर जिंकावा. कारखानदारांनीं मात्र त्याच मर्यादांस धरून विक्रीच्या गाड्या काढल्या. पंचांनीं आंखलेली रेघ अशा रीतीनें दुकानांतील फळीवर येऊन बसली.

स्वतंत्र भारतांत या गाड्यांचे कारखाने निघाले तेव्हांहि गिऱ्हाईकाच्या हातीं निवड अशी फारशी नव्हती. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि ३४६ सी. सी.ची बुलेट येथें तयार होऊं लागली. १९६१ सालीं म्हैसूर येथें आयडियल जावा कंपनीनें २५० ची जावा काढण्यास आरंभ केला. तीच गाडी १९७३ पासून येझ्दी या नांवानें विकली जाऊं लागली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ची. उत्पादन किती करावयाचें हें त्या काळीं सरकारी परवान्यावर ठरे, आणि पुण्याच्या बजाज स्कूटरसाठीं तर नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मोटारसायकल घेणाऱ्यापुढें जवळजवळ एका कारखान्याचा एक आकडा, असा प्रकार होता. ज्यास बुलेट हवी त्यानें ३५० घ्यावी, ज्यास राजदूत परवडते त्यानें १७५ घ्यावी. एकाच गाडीचें लहान इंजिन घ्यावें कीं मोठें, हा प्रश्न विचारावयास जागाच नव्हती.

पुढें १९७३ सालापासून खनिज तेलाचे भाव जगभर कडाडले आणि पेट्रोलची चिंता घरोघर शिरली. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सरकारनें दुचाकी वाहनांच्या धंद्यांत परदेशी कंपन्यांशीं सहकार्य करण्यास मोकळीक दिली, तीहि १०० सी. सी.पर्यंतच्या गाड्यांपुरती. या एका अटीनें पुढील दहापंधरा वर्षांची वाट आंखून दिली. १९८४ सालीं सुझुकीच्या, १९८५ सालीं होंडाच्या व यामाहाच्या आणि १९८६ सालीं कावासाकीच्या सहकार्यानें निघालेल्या चार जपानी वळणाच्या गाड्या एकामागून एक बाजारांत आल्या. चौघींचाहि आकडा १०० चा. परंतु हीरो होंडाची सी. डी. १०० ही सात-साडेसात अश्वशक्तीची व पेट्रोल जपून वापरणारी, तर यामाहाची आर. एक्स. १०० ही ९८ सी. सी.ची असून ११ अश्वशक्तीची ! एकाच आकड्याच्या दोन गाड्यांत जवळजवळ दीडपटीचा फरक पडला. एकीचें इंजिन चार धांवांचें, दुसरीचें दोन धांवांचें. म्हणून एकाच मापाच्या नळकांड्यांतून निघणारें काम वेगळें.

या आर. एक्स. १०० ची बुलेटशीं तुलना केली म्हणजे तर आकड्याचा भ्रम पुरताच उडतो. बुलेटचें इंजिन तिच्या साडेतीनपट मोठें. पण बुलेटची शक्ति १८ अश्वशक्ति व वजन सुमारें १६५ किलो; आर. एक्स. १०० ची शक्ति ११ व वजन सुमारें १०३ किलो. दर किलोमागें हिशेब केला तर दोघींच्या वांट्यास शक्ति जवळजवळ सारखीच येते. म्हणूनच चौकांतून सुटतांना ही लहानशी गाडी मोठ्या गाडीस हार जात नसे. बुलेटचा गुण निराळा होता. कमी फेऱ्यांवर तिच्या इंजिनाची ओढ दांडगी होती; दोन माणसें व वर पोतें घेऊनहि ती संथपणें चाले. एक गाडी चपळ, दुसरी दमदार. कोणती श्रेष्ठ, याचें उत्तर कामावर अवलंबून होतें.

केवळ मोठ्या आकड्याच्या व मोठ्या शक्तीच्या बळावर बाजार जिंकण्याचा एक प्रयत्न त्याच काळांत झाला. १९८३ सालीं राजदूत ३५० ही गाडी आली. यामाहाच्या आर. डी. ३५० या जपानी गाडीवरून ती घेतली होती. मूळ गाडी ३९ अश्वशक्तीची; येथें पेट्रोलचा खर्च आटोक्यांत यावा म्हणून ती ३०.५ अश्वशक्तीपर्यंत खालीं आणली, आणि पुढें २७ पर्यंत. तरी त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर तिला जोड नव्हती. परंतु ती महाग होती, पेट्रोल फार पीत असे, आणि मुख्य म्हणजे मूळ गाडीस पुढच्या चाकाला जो डिस्क ब्रेक होता, तो काढून येथें साधा ड्रम ब्रेक बसविला होता. धांवण्याची शक्ति आली, थांबण्याची शक्ति तितकी आली नाहीं. १९८९ च्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें. आज जुन्या गाड्यांचे शौकीन तिला जिवापलीकडे जपतात. पण ज्या दिवसांत ती दुकानांत उभी होती, त्या दिवसांत गृहस्थानें तिच्याकडे पाहून १०० चीच गाडी घरीं नेली.

खऱ्या अर्थानें निवडीचा प्रश्न निर्माण झाला तो पुण्यांत. १९९९ सालीं हीरो होंडानें १५६ सी. सी.ची सी. बी. झेड्. काढून, केवळ पेट्रोल वांचविणारी नव्हे तर हौसेनें पळवावयाची गाडीहि सामान्य माणूस घेतो, हें दाखवून दिलें होतें. नोव्हेंबर २००१ मध्यें स्कूटरसाठीं प्रसिद्ध असलेल्या बजाज ऑटो कंपनीनें पल्सर ही गाडी बाजारांत आणली, आणि ती एकाच वेळीं दोन आकड्यांत आणली : १५० व १८०. रूप तेंच, सांगाडा तोच. इंजिन लहान कीं मोठें, एवढेंच ठरवावयाचें. दट्ट्याची धांव दोन्ही इंजिनांत ५६.४ मिलिमीटर होती. नळकांड्याचा व्यास मात्र एकांत ५७ व दुसऱ्यांत ६३.५ मिलिमीटर. हा साडेसहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे सुमारें तुरीच्या एका दाण्याएवढा. त्यामुळें घनमान १४३.९ वरून १७८.६ सी. सी.वर आणि शक्ति १२ वरून १५ अश्वशक्तीवर गेली. नांव १५० चें असलें तरी प्रत्यक्ष माप दीडशेंच्या आंत होतें, हेंहि येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरी एक बारीक गोष्ट अशी कीं बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय व दोन सुरांचा भोंगा हीं १८० च्या गाडीस मुळांतच दिलेलीं होतीं. म्हणजे मोठा आकडा घेणाऱ्यास तीन अश्वशक्ति तर मिळाल्याच, शिवाय चारचौघांत दिसणारी व ऐकूं येणारी प्रतिष्ठाहि मिळाली. आकडा हा मानाचा बिल्ला होऊं लागला तो येथून. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र झाला होता; 'एम्. एच्. ३७' ही नवी पाटी तेव्हां नवीनच होती. त्या पाटीच्या पहिल्या कांहीं वर्षांतच हा बिल्ला शहरांतून तालुक्याच्या गांवीं आणि तेथून खेड्यापाड्यांत पोंचला.

बिल्ल्याची किंमत किती टिकाऊ, हें त्याच कंपनीच्या पुढच्या गाड्यांनीं दाखवून दिलें. २००३ सालीं एका नळकांड्यांत दोन प्लग बसवून इंधन अधिक चांगलें जाळण्याची योजना आली आणि १५० च्याच गाडीची शक्ति वाढली. २००९ च्या अखेरीस १३५ ची पल्सर निघाली. तिच्या इंजिनास चार झडपा होत्या व शक्ति होती साडेतेरा अश्वशक्ति. म्हणजे आठ वर्षांपूर्वींच्या १५० पेक्षां तिचा आकडा लहान व शक्ति अधिक. ज्यानें केवळ आकडा पाहून गाडी घेतली असेल त्याची या ठिकाणीं फसगत झाली असती.

वऱ्हाडांतील शेतकऱ्यास ही गोष्ट वास्तविक नवी नाहीं. शंकरपटांत पळणारी बैलजोडी तो नुसत्या देहाच्या आकारावरून कधींच पारखीत नाहीं. पटाची जोडी हलकी, चपळ, सुटतांना झटका देणारी असावी लागते. नांगराची जोडी सावकाश पण दिवसभर ओढणारी असावी लागते. पटाची जोडी नांगरास जुंपली तर दोहोंचें नुकसान, हें त्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. हीच पारख इंजिनाच्या बाबतींत लावली म्हणजे पुरे. फक्त तेथें बैल डोळ्यांना दिसतो, आणि येथें नुसता आकडा दिसतो.

आकड्यावर नंतर कायद्यानें व करानेंहि आपल्या रेघा ओढल्या. दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल प्रत्येक वाहनास जो सक्तीचा विमा घ्यावा लागतो, त्याचे दर ७५, १५० व ३५० सी. सी. या मर्यादांवर बदलतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० पर्यंतच्या गाडीस वर्षास ७१४ रुपये, १५० ते ३५० पर्यंतच्या गाडीस १,३६६ रुपये आणि त्यावरील गाडीस २,८०४ रुपये असे होते. प्रत्येक पायरीस रक्कम जवळजवळ दुप्पट. एप्रिल २०१९ पासून १२५ च्या वरील प्रत्येक नव्या गाडीस चाक अडकूं न देणारा ए. बी. एस्. ब्रेक सक्तीचा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या दुचाकीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वरील गाडीवर तो ४० टक्के झाला. शर्यतीच्या पंचांनीं १९१२ सालीं ओढलेली ३५० ची रेघ शंभराहून अधिक वर्षांनीं दिल्लीच्या कर-सभेंत पुन्हा उमटली ! यांपैकीं १२५ ची रेघ मात्र निव्वळ पैशांची नाहीं. ती थांबण्याच्या शक्तीची आहे, आणि राजदूत ३५० चा इतिहास ध्यानांत असणाऱ्यास तिचें महत्त्व सांगावयास नको.

आतां या कथेंतील सर्वांत गंभीर भागाकडे वळावयाचें. बजाजनें २००७ सालीं ऑस्ट्रियांतील के. टी. एम्. कंपनींत भाग घेतला, आणि २०१२ सालीं पुण्याजवळ चाकण येथें तयार झालेली ड्यूक २०० ही गाडी भारतांत आली. तिची शक्ति २५ अश्वशक्ति. पुढच्याच वर्षीं ३७३ सी. सी.ची ड्यूक ३९० आली. ती ४३ अश्वशक्तीची. पहिल्या पल्सर १५० च्या १२ अश्वशक्तींपासून येथपर्यंत बारा वर्षांत साडेतीनपटीहून अधिक मजल झाली, आणि गाडीचें वजन मात्र त्या मानानें वाढलें नाहीं. युरोपांत याच गाड्या विकल्या जातात तेव्हां तेथील कायदा चालकास पायऱ्यापायऱ्यांनीं चढवितो. पहिल्या पायरीवर १२५ सी. सी. व सुमारें १५ अश्वशक्तीची मर्यादा; १९ जानेवारी २०१३ पासून दुसऱ्या पायरीवर सुमारें ४७ अश्वशक्तीची मर्यादा; आणि त्या पायरीवर दोन वर्षांचा अनुभव घेतल्यावर मोठ्या गाडीची परवानगी. ड्यूक ३९० ही त्या हिशेबानें दुसऱ्या पायरीवरची गाडी आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत सोळाव्या वर्षीं ५० सी. सी.पर्यंतची गाडी चालवितां येते, आणि अठरावें वर्ष पुरें झालें कीं गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना १०० च्या गाडीसहि चालतो व १,००० च्या गाडीसहि चालतो. मधली पायरी येथें नाहीं.

ही पायरी नसण्याचा अर्थ काय, हें पदार्थविज्ञान सांगतें. वेग दुप्पट झाला कीं थांबतांना ब्रेकनें शोषून घ्यावयाची ऊर्जा चौपट होते. ताशीं ४० वर जें इंजिन व जो हात आटोक्यांत असतो, तो ८० वर चौपट कठीण परीक्षेस बसतो. लहान इंजिन त्या वेगास हळूहळू नेतें. तेवढ्या अवकाशांत नवख्या चालकाचें मन सावध होतें. मोठें इंजिन डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तेथें नेऊन पोंचवितें. वळणावर बैलगाडी उभी असली, पावसांत शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरनें डांबरावर काळी माती पसरली असली, किंवा रात्रीं दिव्याविना एखादी गाडी समोरून आली, तर जो क्षण हातीं राहतो त्याची लांबी या निवडीवर ठरते.

कारंजा तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि जून २०२५ मध्यें तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. परंतु त्या मार्गावर दुचाकीस प्रवेशच नाहीं. म्हणजे ज्या रुंद व मोकळ्या रस्त्याचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून मोठ्या इंजिनाची हौस केली जाते, तो रस्ता गांवाजवळून जात असूनहि मोटारसायकलस्वाराचा नाहीं. त्याचा रस्ता म्हणजे तालुक्याचा, शाळेचा, बाजाराचा व शेताचा. त्या रस्त्यावर इंजिनाची कमाल शक्ति क्वचितच खर्चीं पडते. कमी फेऱ्यांवरील ओढ, खांचखळग्यांतून गाडी सांवरणारा हलकेपणा, वैशाखाच्या उन्हांत न तापणारें इंजिन, चांगला ब्रेक आणि गांवच्या मिस्त्रीस उलगडणारी रचना यांचा उपयोग मात्र रोज होतो.

तेव्हां कामरगांवच्या घरांतील त्या वादाचा निकाल आकड्यानें लागावयाचा नाहीं. पहिलीच गाडी घेणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास १२५ च्या वरची, ए. बी. एस्. असलेली व १२ ते १८ अश्वशक्तीची गाडी वेगाची हौस पुरविण्यास पुष्कळ आहे. मग तिच्या अंगावर १५० लिहिलेलें असो वा १६०. कायद्यानें जी पायरी ठेवली नाहीं, ती घरानें ठेवावी. दोनतीन पावसाळे त्या गाडीवर नीट निघाले, हात व नजर बसली, म्हणजे मग २०० चा किंवा त्याहून मोठा आकडा निवडण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. त्या वेळीं तो मुलगा गाडीवर लिहिलेला आकडा विचारण्यापूर्वीं तिचें वजन, तिची ओढ व तिचा ब्रेक विचारील. बाप त्या दिवशीं मोठ्या आकड्यास फारसा विरोध करणार नाहीं, आणि आईच्या प्रश्नाचेंहि उत्तर त्यांतच आलेलें असेल.